स्टेजला फरशी, व्हीआयपी खोलीला सागवान : एका बॅलेवेड्याची तक्रार

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

आपल्या नगरपरिषदेच्या नाट्यगृहाचं नूतनीकरण होणार, हे तुम्ही वाचलं असेलच. बातमी मीच दिली होती. आता त्याच्या अंदाजपत्रकाचा कागद हाती आलाय. एसी, खुर्च्या, पार्किंग, दर्शनी भागाला रंगीत दिवे, सगळं यथासांग आहे. दोन ओळी मात्र मी पुन्हा पुन्हा वाचल्या. 'रंगमंच' या मथळ्याखाली लिहिलंय : जुनं लाकडी काम काढून व्हिट्रिफाईड टाईल्स बसवणे. आणि दोन पानं पुढे 'व्हीआयपी कक्ष' या मथळ्याखाली : भिंतींना सागवानी पॅनेलिंग करणे.

म्हणजे जिथे माणसं नाचणार, उड्या मारणार, पडणार, तिथे फरशी. आणि जिथे पाहुणे काजू खात दहा मिनिटं बसणार, त्यांच्या पाठीमागे लाकूड.

यावर अजून कुणी अवाक्षर काढलेलं नाही. कट्ट्यावर चर्चा फक्त एसीची. मला ती ओळ खटकली त्याचं कारण तुम्हाला जरा विचित्र वाटेल. मला बॅले आवडतो. तोच, पांढऱ्या झग्यातल्या बायका पायाच्या बोटांवर उभ्या राहतात तो. हसून घ्या. गेली पंचवीस वर्षं लोक हसतायत, मला सवय आहे.

हे वेड लागलं कुठून, तर शाळेच्या पुस्तकांच्या कव्हरांवरून. ऐंशीच्या दशकात ज्यांचं बालपण गेलं त्यांना आठवत असेल, रशियातून छापून येणारी मासिकं घरोघर असायची. कागद गुळगुळीत, जाड, आणि जवळजवळ फुकट. वाचायचं कुणी फारसं नाही, पण जूनमध्ये पुस्तकांना कव्हर घालायला त्यासारखा कागद नव्हता. माझ्या गणिताच्या पुस्तकाला वर्षभर एका नर्तकीचा फोटो होता. ती हवेत होती. खाली जमीन दिसत नव्हती. त्रैराशिक काही डोक्यात गेलं नाही, पण ही बाई खाली कशी येणार, हा प्रश्न वर्षभर डोक्यात राहिला. त्याचं उत्तर पुढे कळलं : ती लाकडावर येते. त्यावर नंतर बोलू.

आधी त्रास सांगतो.

पहिला त्रास शब्दाचा. 'बॅले' म्हटलं की समोरचा 'बेली' ऐकतो. मग डोळा मारून, "काय साहेब, या वयात?" एकदा एका सांस्कृतिक मंडळाच्या कार्यक्रमात निवेदकाने माझी ओळख 'बेली डान्सचे गाढे अभ्यासक' अशी करून दिली. समोर अख्खा ज्येष्ठ नागरिक संघ बसला होता. त्या दिवशी टाळ्या मात्र जोरदार पडल्या.

दुसरा त्रास अंतराचा. बॅले बघायचा तर मुंबई. तिथल्या एनसीपीएच्या जमशेद भाभा थिएटरमध्ये कधीमधी परदेशी कंपनी येते. तिकीट मिळालं तरी एसटी, लोकल, रात्री मुक्कामाची सोय, दुसऱ्या दिवशीची रजा, हे सगळं धरलं की तिकीट त्यात सगळ्यात स्वस्त वाटतं. मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरचे प्रयोग काही वर्षं जगभरच्या सिनेमागृहांत दाखवले जायचे. २०२२ च्या युद्धानंतर तेही थांबलं. युद्ध कुठे, आणि वाट बघणं बंद झालं कुणाचं!

तिसरा त्रास कॅमेरावाल्यांचा, आणि यात जगभरचे बॅलेप्रेमी माझ्याशी सहमत होतील. नाच पायांत चाललेला असतो आणि कॅमेरा चेहऱ्यावर जातो. 'स्वान लेक'च्या तिसऱ्या अंकात काळी राजहंसी एका पायावर लागोपाठ बत्तीस गिरक्या घेते. त्यांना फुएते म्हणतात. १८९५ साली सेंट पीटर्सबर्गला पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तकीने त्या घातल्या, तेव्हापासून प्रेक्षक मोजत बसतात. आता अठरावी गिरकी चालू असताना पडद्यावर तिच्या भुवया दाखवल्या तर काय करायचं? क्रिकेटमध्ये चेंडू सीमारेषेकडे चाललाय आणि कॅमेरा अंपायरच्या टोपीवर, असा प्रकार. आणि मोबाईलवर आलेल्या उभ्या क्लिपांबद्दल तर बोलूच नका. त्यात पाय कापलेलेच असतात.

चौथा, जाहिराती. जिझेल मरून आत्मा झालेली, मध्यरात्री थडग्यातून उठलेली, व्हायोलिन अगदी दबक्या आवाजात चाललेलं, आणि धाडकन : "आता घरबसल्या पर्सनल लोन!" १८४१ पासून ही गोष्ट लोकांना रडवतेय. आमच्याकडे दर आठ मिनिटांनी अश्रू मागे घ्यावे लागतात.

पाचवा त्रास घट्ट विजारीचा. पुरुष नर्तकांचे टाईट्स बघून आमच्या कार्यालयात एकही विनोद करायचा राहिलेला नाही. गंमत अशी की हेच मित्र जत्रेतल्या कुस्तीच्या फडाला पहिल्या रांगेत असतात. लंगोट लावून मैदानात उतरलेल्या मल्लाच्या मांड्यांचं कौतुक करताना यांना लाज वाटत नाही, आणि वाटूही नये. मांडी कसदार आहे की नाही हे दिसावं, म्हणूनच तर लंगोट. विजारीचं कारणही तेच. पायाची रेघ दिसली पाहिजे. साथीदारणीला डोक्यावर एका हातात तोलून धरणारा माणूस आपल्या तालमीत गेला, तर वस्ताद त्याला दुधाचा खुराक लावतील.

सहावा त्रास मोठा आहे : "आपल्या संस्कृतीत काय कमी आहे म्हणून हे विलायती?" काही कमी नाही हो. पण ज्या पेटीवर आपलं नाट्यसंगीत वाढलं ती हार्मोनियम पॅरिसची, आलेक्झांद्र दबँ याने तिचं पेटंट १८४२ साली घेतलं. आपण तिला इतकं आपलं केलं की आता ती विलायती आहे म्हटलं तर लोक रागावतील.

आणि बॅलेचं आपलं नातं तर त्याहून जवळचं. आना पावलोवा ही रशियन नर्तकी १९२२-२३ च्या दौऱ्यात भारतात येऊन गेली. परत गेल्यावर लंडनमध्ये तिला एक भारतीय तरुण भेटला. हा मुलगा चित्रकलेचा विद्यार्थी, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून पुढे लंडनला गेलेला. नाव उदय शंकर. तिने त्याच्याकडून 'राधा-कृष्ण' बसवून घेतलं, त्याच्याबरोबर स्वतः नाचली, आणि त्याला सांगितलं की तू तुझ्या देशातलं शोध. त्याने शोधलं. अल्मोड्याला केंद्र काढलं. त्याच्या मुशीतून तयार झालेले शांती बर्धन आणि सचिन शंकर पुढे मुंबईत आले. बर्धनांनी लिटल बॅले ट्रूप काढला आणि माणसांना कठपुतळ्यांसारखं नाचवून रामायण उभं केलं. सचिन शंकर यांचं बॅले युनिट मुंबईतच होतं. आपण 'नृत्यनाटिका' म्हणतो, शाळेच्या स्नेहसंमेलनात शिवराज्याभिषेक बसवतो, त्या रूपाच्या घडणीत या मंडळींचा वाटा आहे. तेव्हा विलायती म्हणून हाकलून देण्याआधी घरातच कोण बसलंय ते बघावं.

उलट्या बाजूचा एक त्रासही सांगतो, म्हणजे मी आंधळा भक्त नाही हे कळेल. 'ला बायादेर' नावाचा प्रसिद्ध बॅले आहे, पेतिपाचा, १८७७ चा. गोष्ट भारतातली. देवळातली नर्तकी, तिच्यावर प्रेम करणारा योद्धा, राजाची मुलगी, साप, सूड. नायिकेचं नाव निकिया, राजकन्येचं गमझात्ती. ही नावं आपल्याकडच्या कुठल्या पंचांगात सापडतात ते मला सांगा. देवळात फकीर उड्या मारतात, अंगाला सोनेरी रंग फासलेली मूर्ती उठून नाचते. बघताना कपाळावर हात मारून घेतो. पण 'बायादेर' हा शब्द मात्र आपल्या दारातून गेलेला आहे. पोर्तुगीज लोक नाचणाऱ्या बाईला 'बायलादेरा' म्हणत. गोव्यातल्या देवळांतल्या कलावंतिणींना त्यांनी हेच नाव लावलं. ते फ्रेंचांनी उचललं, आणि पॅरिसमार्गे थेट रशियाच्या झारपर्यंत पोहोचलं. देवळातल्या बाईचं नाव गेलं, नाच मात्र पोहोचला नाही. तो तिकडच्यांनी मनानेच रचला.

तरीही त्याच बॅलेत एक जागा अशी आहे की मी सगळं माफ करतो. नायिका मेलेली आहे, नायक धुंदीत आहे, आणि अंधारातून पांढऱ्या कपड्यातल्या मुली उतारावरून एकेक करून खाली यायला लागतात. कधी चोवीस, कधी बत्तीस. प्रत्येकीचं पाऊल एकच : एक पाय मागे उचलायचा, पुढे झुकायचं, सावरायचं, दोन पावलं चालायचं. पुन्हा तेच. पहिली मुलगी तेच पाऊल पस्तीस-चाळीस वेळा करते. कुठे चमत्कार नाही, उडी नाही. वारीत ज्यांनी पावली खेळणारी दिंडी पाहिलीय त्यांना हे समजावून सांगायला नको. एकाचं पाऊल काही विशेष नसतं. शंभरांचं एकदम पडलं की अंगावर काटा येतो.

आता सुखं. ती लहान आहेत पण माझी आहेत.

दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास 'वर्ल्ड बॅले डे' असतो. २०१४ पासून जगातल्या मोठ्या कंपन्या त्या दिवशी आपला सकाळचा सराव इंटरनेटवर थेट दाखवतात, तोही फुकट. सुरुवात बहुधा ऑस्ट्रेलियातून होते, म्हणजे आपल्याकडे पहाट. मी गजर लावून उठतो. फीडर ट्रिप झाला नाही आणि डाटा टिकला, तर त्याच्यासारखी सकाळ नाही. बॅलेवाल्यांचा दिवस बारवर सुरू होतो. गैरसमज नको, बार म्हणजे भिंतीला लावलेली लाकडी दांडी. तिला धरून सगळे उभे. जगप्रसिद्ध नायिका आणि काल भरती झालेली मुलगी शेजारी शेजारी. अंगावर फाटके स्वेटर, जुने मोजे. कोपऱ्यात एक जण पियानो वाजवतोय. पहिला व्यायाम प्लिए, म्हणजे गुडघे वाकवणे. चाळिशीला आलेला नायकही रोज तिथूनच सुरुवात करतो, जिथून सहा वर्षांचं पोर करतं. तालमीत हिंदकेसरी झाला तरी जोर-बैठका चुकत नाहीत, तसंच. पुढारी मंडळींनी हा कार्यक्रम वर्षातून एकदा बघावा असं मला फार वाटतं.

दुसरं सुख शब्दांचं. जगात कुठेही जा, बॅलेची भाषा फ्रेंच. चौदाव्या लुईने १६६१ साली नृत्याची अकादमी काढली तेव्हापासूनची. जपानी मुलगी आणि क्युबन मास्तर, दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, पण 'जेते' म्हटलं की ती उडी मारते. आपल्याकडे तबल्याचे बोल असेच चालतात.

तिसरं सुख पत्रकाराचं आहे. १९ ऑगस्ट १९९१ ला मॉस्कोत गोर्बाचेव्हना नजरकैदेत ठेवून बंड झालं. रस्त्यावर रणगाडे आले, आणि सरकारी टीव्हीवर काय चालू होतं? 'स्वान लेक'. पुन्हा पुन्हा. ब्रेझनेव्ह गेले तेव्हाही बातमी यायच्या आधी असंच गंभीर संगीत आणि बॅले लागला होता. त्यामुळे तिकडच्या लोकांना सवयच लागली, टीव्हीवर राजहंस नाचायला लागले की समजायचं, आत काहीतरी शिजतंय. मार्च २०२२ मध्ये रशियातल्या एका स्वतंत्र वाहिनीने बंद होताना शेवटी हाच नाच लावला, आणि कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. मी आपल्या गावात वीस वर्षं बातमीदारी करतोय. मोठं टेंडर मंजूर होण्याच्या आठवड्यात लावणी महोत्सव का लागतो, हे मला 'स्वान लेक'नेच शिकवलं.

चौथं सुख आपल्या गावातलं, ताजं. कथ्थक शिकवणाऱ्या आपल्या एक ताई आहेत. त्यांच्या वर्गातल्या दोन मुलींनी आणि एका मुलाने 'ये बॅले' हा २०२० चा सिनेमा पाहिला. सूनी तारापोरवाला यांचा. मुंबईतल्या साध्या घरांतली दोन मुलं, अमीरुद्दीन शाह आणि मनीष चौहान, त्यांची खरी गोष्ट त्यात आहे. एकाचे वडील वेल्डर, दुसऱ्याचे टॅक्सीचालक. येहुदा माओर नावाच्या मास्तरांनी त्यांना शिकवलं, आणि अमीरुद्दीन लंडनच्या रॉयल बॅले स्कूलपर्यंत गेला. मनीषने तर सिनेमात स्वतःचीच भूमिका केलीय. तो बघून आपला हा मुलगा ताईंना म्हणाला, मला ती उडी शिकायचीय. त्याचे वडील गवंडीकाम करतात. ते मला म्हणाले, "पोरगं नाचतंय ते ठीक आहे, पण साहेब, त्याला पडताना तरी नीट शिकवा." बॅलेवर इतकं नेमकं वाक्य मी कुठल्या समीक्षकाकडून ऐकलेलं नाही.

इथे आईबापांना एक हात जोडून विनंती. ते रेशमी बूट, पॉइंट शूज म्हणतात ते, ऑनलाईन मागवून मुलीला घालू नका. त्यांच्या टोकात लाकूड-बिकूड नसतं. कापड, कागद आणि खळीचे थर देऊन ते टणक केलेलं असतं, आणि मोठ्या नर्तकीचा एक जोड एका प्रयोगातही संपतो. ते घालायच्या आधी काही वर्षांची तयारी लागते, आणि साधारण अकरा-बारा वर्षांच्या आत तर कुठलाही जाणता शिक्षक ते घालू देत नाही. वाढीची हाडं असतात ती. रीलसाठी त्यांची वाट लावू नका.

हाडांचा विषय निघालाच आहे, तर आता फरशीकडे येऊ.

माणूस उडी मारून खाली येतो तेव्हा त्याच्या पायांवर वजनाच्या कित्येक पट भार येतो. तो भार कुठेतरी जायला हवा. जमीन थोडी दबली तर जमिनीत जातो. जमीन दबली नाही तर घोटा, नडगी, गुडघा, कंबर या वाटेने वर चढतो. म्हणून जगात जिथे जिथे गंभीरपणे नाच चालतो तिथे खाली लवचीक लाकडी तळ असतो, त्याला स्प्रंग फ्लोअर म्हणतात. त्यात काही जादू नाही. खाली रबराच्या किंवा फोमच्या गाद्या, त्यावर लाकडी पट्ट्यांची जाळी, त्यावर प्लाय किंवा फळ्या, आणि नाचायच्या वेळी वरून व्हिनाईलची चटई. आपल्या गावचा चांगला सुतार नकाशा बघून ते करू शकेल. काँक्रीटवर चिकटवलेली टाईल म्हणजे याच्या बरोबर उलट. दबत नाही, आणि घामाचा थेंब पडला की घसरते.

तुम्ही म्हणाल, आपल्या गावात बॅले कोण करतो? कुणी नाही. तीन मुलांचं स्वप्न म्हणजे काही बॅले नाही. पण कथ्थकवाली दीड तास पाय आपटते. भरतनाट्यमवाली अर्ध्या बैठकीत तळवे आपटते. लावणीवाली घुंगरांचं ओझं पायात घेऊन तीन-तीन तास उभी असते. त्यांचे गुडघे काय फरशीचे आहेत? ताईंच्या वर्गातली दहावीतली एक मुलगी मागच्या वर्षी चार महिने नाचली नाही. नडगीच्या हाडाला बारीक चीर. डॉक्टरांनी सांगितलं, कडक जमिनीवरचा सराव बंद. ती सराव करत होती एका सभागृहात, टाईल्सवर, कारण दुसरी जागाच नव्हती. आता जी एक जागा आहे तिलाही आपण टाईल्स बसवणार.

नाचणाऱ्यांचं सोडा, नाटकवाल्यांना विचारा. नेपथ्य उभं करताना फ्लॅटच्या मागे टेका देऊन तळाला खिळा मारावा लागतो. टाईलला खिळा मारणार कसा? मग वजनं ठेवा, दोऱ्या बांधा, आणि दुसऱ्या अंकात दार उघडताना भिंत हलली की प्रेक्षक हसणार. बाहेरगावची नाटकं आपल्याकडे यायची कमी झाली म्हणून आपण गळा काढतो. टाईल्स बसल्या की व्यवस्थापक लोक आपलं गाव यादीतून आणखी खाली ढकलतील. राज्य नाट्य स्पर्धेला जाणारी आपली हौशी पोरं तालीम कुठे करणार? पोवाड्यातली थाप, तमाशातली ढोलकी, कोरसची पावलं, या सगळ्याला लाकडाचा स्वतःचा एक घुमारा असतो. फरशीवर नुसतं टकटक ऐकू येतं.

मी बांधकाम विभागात जाऊन विचारलं. त्यांची बाजूही सांगतो, कारण ती अगदीच खोटी नाही. एक, लाकडाला वाळवी लागते. खरंय. पण वाळवी प्रक्रिया न केलेल्या लाकडाला आणि गळक्या छपराला लागते. आपल्या नाट्यगृहाचं छत चार पावसाळे गळतंय, हे त्याच विभागाला ठाऊक आहे. दोन, लाकूड पेटतं. कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ ला लागलेली आग पाहिल्यापासून सगळ्यांच्याच मनात धास्ती आहे, आणि ती रास्त आहे. शाहू महाराजांनी बांधलेली ती वास्तू जळताना बघून माझ्यासारख्या कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण बोल्शोई १८५३ मध्ये जळालं. लंडनचं कोव्हेंट गार्डन १८०८ आणि १८५६, असं दोनदा जळालं. पुन्हा बांधताना त्यांनी रंगमंचाला दगड बसवला नाही. आगीवर उपाय म्हणजे अग्निरोधक प्रक्रिया केलेलं लाकूड आणि पडदे, वेळेवर तपासलेली वायरिंग, चालू स्थितीतली पाण्याची यंत्रणा. अंदाजपत्रकात अग्निशमनाची ओळ आहे, आणि ती रंगीत दिव्यांच्या ओळीपेक्षा छोटी आहे. शिवाय लाकूड इतकंच धोक्याचं असेल तर व्हीआयपी कक्षाच्या भिंतींना ते कसं चालतं?

तीन, "टाईल पुसायला सोपी." हे मात्र मनापासून सांगितलेलं कारण वाटलं. आपल्याकडे बरीच सार्वजनिक कामं या एकाच तत्त्वावर चालतात. बाग पुसायला सोपी जावी म्हणून तिच्यात पेव्हर ब्लॉक घालतात. ओढा पुसायला सोपा जावा म्हणून त्याला काँक्रीट करतात. आता रंगमंच पुसायला सोपा करायचाय. तो वापरणार कोण, हा प्रश्न त्या कागदावर कुठेच नाही.

खर्चाचं म्हणाल तर मी आकडेमोड करणार नाही, ते माझं काम नाही. पण व्हीआयपी कक्षातलं सागवानी काम रद्द केलं तर ते पैसे रंगमंचाच्या लाकडाकडे वळवता येतील, एवढं समजायला अभियंता लागत नाही. पाहुण्यांना साधी रंग दिलेली भिंत चालेल. त्यांच्या पाठी काही नाचणार नाहीत.

माझ्या मागण्या तीनच. रंगमंचावरच्या टाईल्स रद्द करून लवचीक लाकडी तळ करावा. टेंडर निघण्याआधी गावातले नृत्यशिक्षक, नाटकवाले, तमाशा-लावणीवाले कलाकार आणि नेपथ्य लावणारे कामगार यांची एक बैठक घ्यावी, आणि त्यांचं म्हणणं इतिवृत्तात यावं. आणि नाट्यगृह रिकामं असेल त्या सकाळी दोन तास गावातल्या मुलांना नाममात्र भाड्यात सरावाला द्यावं.

निवेदन तयार आहे. ताईंनी सही केलीय, हौशी नाट्यमंडळाने केलीय, आणि ढोलकीवाल्या काकांनी अंगठ्याऐवजी मुद्दाम पूर्ण नाव लिहून सही केलीय. गवंडी काम करणाऱ्या त्या बापानेही केलीय, आणि वर मला सांगितलं की टाईल बसवायचं काम त्यालाच मिळण्याची शक्यता होती. निवेदनाची प्रत एसटी स्टँडसमोर आमच्या कार्यालयात टेबलावर ठेवलीय, शनिवारी संध्याकाळी सातपर्यंत. सोमवारी सकाळी अकरा वाजता मुख्याधिकाऱ्यांना देणार आहोत. येणार असाल तर या, आणि येताना आपापल्या वॉर्डाच्या नगरसेवकांनाही फोन करा.

कमेंटमध्ये 'बेली डान्स'चे विनोद करायला हरकत नाही. फक्त आधी सही करा.